दोराला पहिला हात

अण्णासाहेबांनी उजवा पाय ब्रेकवर दाबून धरला होता आणि तो काढायचा नव्हता. एवढं सोडलं तर दिवस छान होता. दसरा होऊन गेला होता, ऊन कोवळं होतं, डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. जीपचं नाक वर असल्यामुळे समोरच्या काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं. आरशात मात्र खाली दगडाची खाण दिसत होती, म्हणून आरशात बघायचं त्यांनी बंद केलं होतं.

मारुंजीकडची जमीन बिल्डरला दिल्यापासून अण्णासाहेबांकडे ही चार चाकांच्या ताकदीची जीप होती. तिची चारही चाकं एकदम कशी चालवायची, त्याचा एक छोटा दांडा गिअरशेजारी होता. त्या दांड्यावर त्यांनी देवाच्या अंगाऱ्याची पुडी बांधली होती आणि त्याला दुसरं काही काम दिलं नव्हतं. नेऱ्याच्या डोंगरावर त्यांचा उरलेला एक तुकडा होता. तो ‘हिल व्ह्यू प्लॉट’ म्हणून विकायचा बेत होता. आज त्यासाठीच हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं ते वर घेऊन निघाले होते. मनीष सॉफ्टवेअरमध्ये होता, मूळचा अकोल्याचा. त्याची बायको जुईली सरकारी बँकेत.

“रस्ता आहे ना वरपर्यंत?” जुईलीनं खालीच विचारलं होतं.

“ही गाडी असली की रस्ता लागत न्हाई, मॅडम,” अण्णासाहेब म्हणाले होते.

तो लागला. शेवटच्या चढावर मुरूम सुटला, जीप थांबली, मग मागे सरकली, आणि डावं मागचं चाक शेताच्या तालीवरून, दगडी बांधावरून, बाहेर जाऊन हवेत लटकलं. इंजिन बंद पडलं. अण्णासाहेबांनी हँडब्रेक ओढला तरी गाडी मागे जातच राहिली. पायातला ब्रेक दाबला तेव्हा ती थांबली. जुईली उजव्या अंगानं उतरली, मनीष सीटवरून सरकत तिच्यामागे उतरला. अण्णासाहेब उतरायला निघाले, तसा मनीष ओरडला, “अण्णा, पाय काढू नका!”

हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्याने समजावलं. त्यातलं एक चाक हवेत आणि दुसरं सुट्या मुरमावर. चारही चाकं धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, अण्णासाहेबांचा पाय. शिवाय इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक लाकडासारखा कडक झाला होता आणि पायातलं सगळं बळ मागत होता.

जुईलीनं आजूबाजूचे दगड आणून जमिनीवरच्या चाकांमागे सारले.

“हे दगड म्हणजे नुसता टेकू,” मनीष म्हणाला. “भरवसा तुमच्या पायाचाच.”

कंपनीनं मनीषला एकदा दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. संघभावना वाढावी म्हणून तिथे जीप चिखलात घालायच्या आणि बाहेर काढायच्या. त्याचं प्रमाणपत्र त्याच्या टेबलावर होतं, आणि ते वापरायची संधी आज पहिल्यांदाच आली होती. त्याने लगेच शिबिरातल्या मित्राला फोन लावला. त्या मित्राच्या गाडीला पुढे अडकलेल्या गाड्या ओढायला तार गुंडाळायचं यंत्र होतं. फोन ठेवून मनीष म्हणाला, “निघालाय तो. पण हिंजवडीच्या चौकात अडकलाय.”

“मग त्याला कोन काढनार?” मागून आवाज आला.

डोक्यावर गवताचा भारा घेऊन धोंडाबाई उभी होती. ती अण्णासाहेबांची चुलती. गावातल्या प्रत्येकाला ती एकेरीत बोलावत असे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

“काय रं अण्णा, जीप हितं कशापायी उभी केलीस?”

“उभी न्हाई केली काकी. राह्यलीया.”

“मग उतर की.”

“पाय काढता येत न्हाई.”

धोंडाबाईनं भारा खाली टाकला, वाकून हवेतलं चाक बघितलं, मग खाली खाण बघितली, आणि शेवटी वर बघितलं. वर माळावर, हाकेच्या अंतरावर, लाल ट्रॅक्टर उभा होता. त्यावर गेणबा बसला होता. नीट ऐकू यावं म्हणून त्याने इंजिन बंद केलं होतं आणि तो तंबाखू मळत होता.

“तो काय गेणबा. मार हाक.”

अण्णासाहेबांनी आभाळाकडे बघितलं.

गेणबा त्यांचा धाकटा चुलतभाऊ. लहानपणी एका ताटात जेवलेले, आणि आता कित्येक वर्षं एकमेकांशी शब्द नाही. भांडण जमिनीचं असतं तर जमिनीबरोबर विकून टाकता आलं असतं. भांडण मानाचं होतं. भैरोबाच्या जत्रेत देवाचा गाडा दोरानं ओढतात. त्या दोराला पहिला हात लावायचा मान त्यांच्या घराण्याकडे. एक साल थोरल्या पातीचा, एक साल धाकट्या पातीचा. हे पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चाललं होतं. मग एका साली गावात पटकी आली आणि जत्रा भरलीच नाही. ते न भरलेलं साल कुणाच्या पाळीत धरायचं, एवढाच प्रश्न होता. तो आजोबांना सुटला नाही, वडिलांना सुटला नाही, आणि मुलं शिकली तेव्हा कोर्टात गेला. कोर्टानं स्थगिती दिली. तेव्हापासून दरसाल दोराला पहिला हात बंदोबस्ताला आलेला पोलीस लावत असे. तो कुठल्याही गावचा असे, कुठल्याही जातीचा, एकदा तर ख्रिश्चन होता. भैरोबाची काही हरकत दिसली नाही. गाडा दरवर्षी हलत होता.

“बोलीव म्हन्ते ना,” धोंडाबाई म्हणाली.

“त्याला दिसत न्हाई का? यायचं तर यील.”

धोंडाबाईनं वर तोंड करून विचारलं, “गेन्या, दिसतंय का रं तुला?”

“समदं दिसतंय काकी,” गेणबा म्हणाला. “पर बोलावल्याबिगर मी कुनाच्या कार्याला जात न्हाई.”

तासाभरात निम्मं गाव डोंगरावर होतं. कामाला कुणी बोलावलं तर माणसं मिळत नाहीत, अशी अण्णासाहेबांची नेहमीची तक्रार असे. ती आज त्यांनी मनातल्या मनात मागे घेतली आणि लगेच पुन्हा केली, कारण आलेल्यांपैकी प्रत्येकजण खिडकीत वाकून “पाय काढू नका हां अण्णासाहेब” एवढंच सांगून बाजूला जाऊन बसत होता. मांडीत आता मुंग्या यायला लागल्या होत्या. पोटरी आपोआप थरथरत होती. त्यांनी डाव्या हातानं गुडघा दाबून धरला.

मनीषनं टाळी वाजवली.

“सगळ्यांनी जरा गोल उभं राहा. आधी सेफ्टी ब्रीफिंग करू. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं.”

गावानं एकमेकांकडे बघितलं. इथे प्रत्येकाला प्रत्येकाच्या पणजोबाचं नाव माहीत होतं, आणि तो कशात बुडाला हेही. पण पाहुणा म्हणतोय म्हणून सगळ्यांनी ओळीनं नावं सांगितली. म्हातारे उठून उभे राहिले. अण्णासाहेबांनी गाडीतून ओरडून सांगितलं, “अण्णासाहेब! लवकर करा!”

“गुड. आता नियम.” मनीषनं बोट वर केलं. “गाडी आधी वरच्या बाजूला घट्ट बांधायची. मग माणूस बाहेर. आणि मग रिकामी गाडी ओढायची. माणूस आत असताना ओढायचं नाही. दोर ताणला की त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण तुटला तर तो चाबकासारखा येतो. दोरावर गोधडी टाकायची, म्हणजे तुटला तरी उडणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हुकूम एकच माणूस देणार. बाकी सगळे गप्प.”

बाकीचे नियम गावाला पटले. शेवटचा ऐकून सगळे खरोखरच गप्प झाले.

“येकच?” कुणीतरी विचारलं.

“एकच.”

“कोन?”

हा विषय चांगला होता आणि त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. माजी सरपंच म्हणाले, आपण असताना दुसऱ्यानं हुकूम देणं बरं दिसणार नाही. आजी सरपंच म्हणाले, माजी म्हणजे काय ते आधी ठरवा. अण्णासाहेबांच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. शेवटी जत्रा कमिटीचे अध्यक्ष बंडोपंत पुढे झाले. ते निवृत्त मास्तर होते आणि गावातला कुठलाही तंटा शेवटाला न नेता शांत करण्यात त्यांचा हातखंडा होता.

“हुकूम या पाहुण्यांनीच द्यावा,” ते म्हणाले. “ते परके आहेत. त्यांचं कुणी ऐकणार नाही, म्हणजे कुणाचा अपमान होणार नाही.”

हे एकमतानं मंजूर झालं.

आता दोर. गेणबाच्या ट्रॅक्टरला एक दोरी होती. मनीषनं ती दुरूनच बघून मान हलवली. तिनं गवत बांधावं, जीप नाही. गावात जीप पेलेल असा दोर एकच होता, देवळातला, गाडा ओढायचा, मनगटाएवढा जाड. बंडोपंतांनी तो आधीच मागवला होता. पोरांनी तो होता तसा पोत्यासकट वर आणला. पोत्याला कुणाचाही हात चालतो. पोतं उताराच्या कडेला ठेवलं, तोंड सोडलं, आणि सगळे दोन पावलं मागे सरले.

“काय झालं?” जुईलीनं विचारलं.

“पहिला हात,” बंडोपंत म्हणाले.

मग त्यांनी तिला पटकीच्या सालापासून सगळं सांगितलं. मास्तर असल्यामुळे त्यांनी काही गाळलं नाही. सांगणं संपलं तेव्हा जुईलीनं जीपकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, पण ही जत्रा नाहीये.”

“दोर तोच आहे ना? स्थगिती दोराला आहे. जत्रेला नाही.”

“अण्णा, तुम्ही सांगा ना,” मनीष खिडकीशी आला. “कुणीही बांधू दे म्हणावं.”

अण्णासाहेबांनी विचार केला. यंदा पाळी आपली होती. पटकीचं साल धरलं तर आपली आणि न धरलं तर गेणबाची. आज कुणालाही हात लावू दिला, तर उद्या गेणबाचा वकील कोर्टात उभा राहून म्हणेल की मान सोडला, डोंगरावर, पंचांसमक्ष. आजोबा या मानापायी गेले. तसे ते पुढच्या एका पटकीत गेले होते; पण अण्णासाहेबांच्या मनात दोन्ही गोष्टी एकच होत्या.

“दोराचं टोक हितं खिडकीत आना,” ते म्हणाले. “पयला हात मी लावतो. मग कुनीबी बांधा.”

“आसं कसं?” वरून गेणबा म्हणाला. ट्रॅक्टरवरून तो अजून हलला नव्हता. “पयला हात त्याचा आनि ट्रॅक्टर माझा? म्हंजे मी काय बैल हाय का गाड्याचा?”

“पोलीस बोलवा,” कुणीतरी सुचवलं. “दरसालासारखा.”

बंडोपंतांनी चौकीत फोन लावला, ऐकून घेतलं आणि ठेवला. “हवालदार हिंजवडीच्या चौकात आहे. गाड्या मोकळ्या करतोय.”

“माझ्या मित्राला म्हणावं लवकर सोडा,” मनीष म्हणाला.

अण्णासाहेबांना आता पाय आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. त्यांनी बघितलं. होता. बूट ब्रेकवरच होता. पण तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा दिसत होता.

बंडोपंतांच्या डोक्यात उजेड पडला. “बाई, तुम्ही कुठं असता म्हणालात?”

“बँकेत.”

“सरकारी?”

“हो, राष्ट्रीयीकृत.”

“मग झालं तर! सरकारी प्रतिनिधी हजर आहे. पहिला हात यांनी लावावा.”

गावात समाधानाची कुजबुज झाली. जुईली पोत्याकडे निघालीसुद्धा. तेवढ्यात गेणबा म्हणाला, “ब्यांक म्हंजे सरकार न्हाई.”

“कसं नाही?”

“सरकार मत मागाय तरी येतं. ब्यांक कदी आलीया?”

यात तथ्य आहे असं पुष्कळांना वाटलं. जुईली अर्ध्या वाटेत थांबली. बँक सरकार आहे की नाही, यावर माजी सरपंच बोलायला उठले. त्यांनी धोतर सावरलं, घसा साफ केला, आणि त्याच क्षणी पुढच्या चाकामागचा दगड मुरमातून निसटला. तो एकदा उडाला, दोनदा उडाला, मग दिसेनासा झाला. त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खाणीतून आवाज आला.

जीप वीतभर मागे आली होती.

“गेणबा!”

अण्णासाहेबांना आधी कळलंच नाही की ही हाक आपण मारली. गेणबानं तंबाखू टाकली.

“कोन बोललं?”

“मी!”

“मी कोन?”

“तुझा दादा! आरं मान घे, पर दोर बांध!”

गेणबा ट्रॅक्टरवरून उतरला. त्याला घाई होती हे त्याच्या पायांवरून दिसत होतं, पण तोंडाला ते मान्य नव्हतं. “यंदाचा का कायमचा?”

“यंदाचा!”

“आनि पटकीचं साल?”

“गेणबा, माझा पाय ऱ्हाईला न्हाई रं!”

हे अण्णासाहेब ज्या आवाजात बोलले तो आवाज गेणबानं लहानपणी दोघं विहिरीत पोहायला शिकताना ऐकला होता. तो धावत खाली आला, पोत्यातला दोर दोन्ही हातांनी उपसला आणि एक टोक जीपच्या पुढच्या हुकात अडकवून गाठ मारली. बाकीचा दोर गावानं वर नेला. आता कुणाचाही हात चालत होता, आणि सगळ्यांचे लागले. दुसरं टोक ट्रॅक्टरला बांधलं. गेणबा पुन्हा वर गेला, ट्रॅक्टर हळूहळू पुढे घेत त्याने दोर ताणला, ब्रेक लावला, चाकांना दगड लावायला सांगितले. धोंडाबाईनं कुणाच्या तरी खांद्यावरची घोंगडी ओढून ताणलेल्या दोरावर टाकली.

“सगळे बाजूला!” मनीष ओरडला. कुणी ऐकलं नाही. “बाजूला व्हा रं!” धोंडाबाई म्हणाली, आणि सगळे झाले.

“अण्णा, आता पाय काढा. अगदी हळू.”

अण्णासाहेबांनी पायाला सांगितलं. पायानं ऐकलं नाही. त्याला सगळी सकाळ ‘निघू नको’ एवढंच सांगितलं होतं आणि तो शब्दाचा पक्का निघाला. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरून तो उचलून बाजूला ठेवला. जीप बोटभर मागे गेली, दोर कण्हला आणि जीप थांबली. हुकातली गाठ कितपत बसली हे बघायला गेणबा वरून खाली येत होता.

अण्णासाहेबांनी दार उघडलं, डावा पाय खाली टेकला आणि मग उजवा टेकला. म्हणजे टेकला असं त्यांना वाटलं. पण तिथे पाय नव्हताच. सगळ्या गावासमोर ते गुडघ्यावर आले, मग हातांवर, मुरमावर धडपडत दोन हात पुढे गेले आणि त्यांचं कपाळ समोर येऊन पोचलेल्या गेणबाच्या चपलेवर जाऊन टेकलं.

बाजूला बसलेले म्हातारे उठून उभे राहिले.

सगळ्यात आधी गेणबा हादरला. थोरल्या भावानं धाकट्याच्या पायावर डोकं ठेवायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. “आरं दादा! काय करतोस? मला नरकात घालतोस का?” असं म्हणत त्याने पाय मागे घेतला, आणि लागलेलं पाप तिथल्या तिथे फेडावं म्हणून स्वतः आडवा होऊन अण्णासाहेबांचे पाय धरले. उजवा पाय त्याने इतका घट्ट धरला की अण्णासाहेब कळवळून ओरडले. गावाला तो हुंदका वाटला. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. माजी सरपंचांनी आजी सरपंचांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

“दोराच्या रेषेतून बाहेर या!” मनीष एकटाच ओरडत होता. “प्लीज! रेषेत आहात तुम्ही दोघं! भावना नंतर!”

“उठा मुडद्यांनो!” धोंडाबाई म्हणाली. “दोर तुटला तर दोघांचं तेरावं येकाच मांडवात घालावं लागंल!”

तिनं गेणबाची बंडी धरली, जुईलीनं अण्णासाहेबांची काख धरली आणि दोघांना ओढून कडेला आणलं. गेणबा डोळे पुसत ट्रॅक्टरवर चढला. मग जे काम व्हायचं होतं ते झालं, आणि त्याला फारसा वेळ लागला नाही. मनीषनं हात दाखवला, ट्रॅक्टरनं ओढ घेतली, रिकामी जीप तालीवरून वर आली, मुरमात एकदा डगमगली आणि माळावर जाऊन उभी राहिली. लोकांनी चांगभलं केलं. मनीषला वाटलं ते आपल्यासाठी होतं, आणि त्याचा तो समज कुणी दूर केला नाही.

जुईली उताराकडे बघत म्हणाली, “प्लॉटचं आपण राहू देऊ.”

अण्णासाहेब कडेला बसले होते. त्यांना माळावर न्यायला गेणबा परत खाली आला. त्याने अण्णासाहेबांचा हात आपल्या मानेभोवती घेतला, कमरेला विळखा घातला आणि त्यांना उचलून चढवायला लागला. त्याच्या अंगाला डिझेलचा आणि तंबाखूचा वास होता.

वर बंडोपंत वाट बघत उभे होते. एवढा मोठा समाज समोर असताना काही न बोलता राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

“गावकऱ्यांनो,” ते म्हणाले, “आज आपण डोळ्यांनी बघितलं. थोरला भाऊ धाकट्याच्या पायावर नमला. एवढं मोठं मन आम्ही कथेत ऐकलं होतं. कोर्टाला जे जमलं नाही ते अण्णासाहेबांनी केलं. मान त्यांनी दिला, आणि नुसता यंदाचा नाही, असं मी समजतो. खरं ना, अण्णासाहेब?”

सगळं गाव त्यांच्याकडे बघायला लागलं. अण्णासाहेबांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. मी नमलो नाही, माझा पाय बधिर झाला होता. हे म्हटलं की मान परत येईल, कोर्टातला दावा परत उभा राहील, आजोबांना तोंड दाखवता येईल.

त्यांनी उजवा पाय जमिनीवर टेकून बघितला. तो अजून आलेला नव्हता. गेणबाचा हात कमरेला होता आणि गेणबा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आपण ते वाक्य बोललो की तो हात काढील. आणि त्याने हात काढला की आपण जिथे पडू, ती जागा अण्णासाहेबांना खाली बघितल्यावर स्पष्ट दिसत होती. चपला त्याच होत्या.

“खरं हाय,” अण्णासाहेब म्हणाले.